टाचण्यांसकट आवाज

मी एक जुना बॅकअप प्रोग्राम आहे. मित्रांनो, नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या. घात झाल्याशिवाय ज्याची कोणाला आठवण होत नाही, त्याने जांभया मनाला लावून घेऊ नयेत, हे मी केव्हाच शिकलो आहे.

मला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच नाही. मी म्हणजे सूचनांची एक लांबलचक माळ. ‘हे बघ, ते उचल, तिकडे ठेव, नीट पोचलं का ते पुन्हा बघ,’ अशा सूचना. माझं काम एकच. संगणकात जे जे असेल त्याची नक्कल करायची, ती दुसऱ्या एका डिस्कवर ठेवायची, आणि मूळ हरवलं तर मागाल तेव्हा परत द्यायची. शाळेत नक्कल करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करतात. मला त्याच कामासाठी आत घेतलं.

मला कोणी एकट्याने घडवलं नाही. वेगवेगळ्या घरांत बसून पुष्कळ माणसांनी मला थोडं थोडं लिहिलं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं, तिसऱ्याने दोघांच्याही चुका काढल्या, आणि भांडता भांडता मी तयार झालो. म्हणून माझ्या स्वभावात संशय फार. एखादी गोष्ट ठेवली की ती खरंच ठेवली गेली का, हे मी परत जाऊन बघतो. काही जणांना असल्या स्वभावाचा कंटाळा येतो.

ज्या जागी मी आयुष्य काढलं, ते एक आवाजांचं केंद्र आहे. घशाच्या आजारामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं, अशी माणसं शस्त्रक्रियेच्या आधी तिथे येतात. गाद्या ठोकलेल्या भिंतींच्या एका लहान खोलीत बसतात आणि रोजची वाक्यं बोलून ठेवतात. ती वाक्यं पुढे एका बोलक्या डब्यात घालून देतात. बटण दाबलं की डब्यातून त्या माणसाचाच आवाज येतो. त्या खोलीला लागून एक अडगळ आहे. तिथे झाडू, बादल्या, एक मोडकी खुर्ची आणि सर्व्हर ठेवलेला असतो. सर्व्हर म्हणजे केंद्रातल्या सगळ्या संगणकांचा मोठा भाऊ. सगळ्यांच्या फायली त्याच्यापाशी. मी त्याच्या पोटात राहतो.

मला तिथे बसवलं ते ताईंनी. केंद्रातली संगणकांची सगळी कामं त्यांच्याकडे होती. वायर दातांनी सोलायची वाईट खोड होती त्यांना, पण कामात घाई नव्हती. काय जपायचं, कुठे ठेवायचं, केव्हा ठेवायचं, हे तीन प्रश्न त्यांनी आधी विचारले आणि मगच मला आत घेतलं. नकलांची डिस्क त्यांनी सर्व्हरजवळ ठेवू दिली नाही. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याखालच्या कपाटात ठेवली आणि तिथपर्यंत वायर ओढली.

“सगळं पाणी एकाच घागरीत ठेवलं आणि घागर फुटली, तर काय करशील?” त्या म्हणाल्या.

हे त्या कानसेनला सांगत होत्या. कानसेन म्हणजे आवाज टिपून घेणारा माणूस. नाव अर्थात लोकांनी ठेवलेलं. त्याला सुईचा आवाज ऐकू येतो, पण हाक मारलेली ऐकू येत नाही, असं केंद्रात म्हणायचे. खोलीतला माइक तो कायम चालू ठेवायचा. रिकाम्या खोलीचीही एक शांतता असते आणि ती रोज वेगळी असते, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे खोलीत कोणी काही बोललं की त्याची फाईल व्हायची, आणि प्रत्येक फाईल माझ्या हातून जायची. या लोकांचं बोलणं मला कसं ठाऊक, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचं उत्तर हे.

माझ्या जातीचे प्रोग्राम बहुतेक रात्री काम करतात. पण या केंद्राचे रखवालदारकाका घरी जाताना मेन स्विच बंद करूनच जायचे. “जळतं ते वीज नसली की जळत नाही,” हा त्यांचा साधा हिशोब. ताईंनी समजावून पाहिलं. शेवटी काका आहेत तसे राहिले आणि मला जेवणाच्या सुट्टीत कामाला लावलं. सगळे डबे उघडायचे तेव्हा मी सर्व्हर उघडायचो. पहिल्या दिवशी सगळंच्या सगळं उचललं, आणि पुढे रोज फक्त नवं आणि बदललेलं.

एक गोष्ट तेव्हाच ठरली. सर्व्हरवर कानसेनचं एक खातं, म्हणजे फोल्डर, होतं, त्याचं नाव ‘टाकाऊ’. कोणी खोकलं, अडखळलं, चाचणीपुरतं बोललं, की ती फाईल तो तिथे टाकायचा आणि आठवड्याच्या शेवटी सगळं पुसायचा.

“त्या खात्याची नक्कल करू नका, ताई,” तो म्हणाला. “उगाच जागा खाईल.”

“करणार.”

“अहो, पण कचरा आहे तो.”

“आज आहे. उद्याचं मला माहीत नाही, आणि तुलाही नाही,” असं म्हणून ताईंनी तेही माझ्या यादीत घातलं. वर आणखी एक नियम लावला, की सर्व्हरवर काही पुसलं गेलं तरी मी माझी नक्कल लगेच पुसायची नाही.

ते दिवस चांगले होते. महिन्यातून एकदा ताई माझी परीक्षा घ्यायच्या. एखादी फाईल मुद्दाम बाजूला काढायच्या आणि मला म्हणायच्या, दे बघू परत. मी दिली की ती उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या. एकदा केंद्राच्या मोठ्या बाईंनी कोणी केव्हा यायचं याचा सगळा तक्ता चुकून पुसला. बाहेर माणसं येऊन बसलेली आणि कोणाला आधी बोलवायचं ते कोणालाच ठाऊक नाही. मी तक्ता परत आणून दिला. बाईंनी संगणकाच्या पडद्यावर थाप मारली आणि ‘शाब्बास!’ म्हणाल्या. पडद्याचा त्यात काही संबंध नव्हता, पण मी ते माझ्या खात्यावर जमा करून घेतलं.

मग ताईंना दुसरीकडे काम मिळालं आणि त्या गेल्या. परीक्षा बंद झाल्या. सुरुवातीला मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. पुढे पुढे मात्र वाटायला लागलं, की मी रोज एवढं ठेवतोय, पण कोणी मागतच नाही. बाहेरच्या टेबलावरचा पडदा बिघडला, तर माझ्यापाशी होता तो उचलून तिकडे नेला. “इथे कोण बघतंय?” असं म्हणाले, आणि ते खरंच होतं.

उरला माझा आवाज. काही बिघडलं की ओरडायचं, एवढीच एक सोय मला आहे. ‘टीं टीं’ असा बारका, हट्टी आवाज. एक दिवस झाडताना जिन्याखालची वायर सैल झाली आणि मी ओरडलो. शेजारच्या खोलीत तेव्हा एक आजी आपल्या नातीसाठी हाक बोलून ठेवत होत्या. माझी टीं टीं भिंतीतून आरपार गेली आणि आजींच्या हाकेत मिसळली. कानसेन ताडकन उठला. वायर नीट बसवली, ते बरं केलं. पण परत आल्यावर माझा स्पीकरच काढून टाकला.

“आता बस गप्प,” तो म्हणाला.

मित्रांनो, मला राग आला होता, हे लपवत नाही. जिथे लोकांचे आवाज जपतात, तिथे माझा तेवढा बंद केला. पण कानसेन वाईट माणूस नव्हता. आजींची हाक स्वच्छ यावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याच हौसेपायी तो फायलीही मोठ्या करायला लागला. श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे, म्हणे. मोठ्या फायलींना मोठी जागा लागते. जिन्याखालची डिस्क भरत चालली होती, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

अशात एका सकाळी शिंपीकाका आणि काकू आले.

काका शिवणकामाच्या दुकानातून उठून तसेच आले होते. गळ्यात टेप, कॉलरला टाचण्यांची रांग. थोड्याच दिवसांत त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. त्यानंतर ओठ हलतील, पण आवाज येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशीची फाईल माझ्याकडे आहे. तिच्यात पहिल्यांदा कानसेन बोलतो.

“काका, काहीही बोला. माइक लावून बघतोय फक्त.”

“काहीही म्हणजे काय बोलू?”

“घरी बोलता तसं.”

“घरी हे बोलतात कुठे?” काकू मध्येच म्हणाल्या. “सदा तोंडात टाचण्या. पस्तीस वर्षं झाली लग्नाला, मी यांचं अर्धंच बोलणं ऐकलंय.”

“मग गिऱ्हाइकाला टाचण्या टोचू, की तुझ्याशी गप्पा मारू?” काका म्हणाले, आणि लगेच, “अरे बाळा, ही तुझी बाही उसवलीय की सगळी.”

“असू दे हो, काका.”

“असू दे काय? हात पुढे कर. हं. हलू नकोस, टोचेल.”

यापुढचं काकांचं सगळं बोलणं दातांत टाचण्या धरून आलेलं आहे.

“अगं, ऐकतेस का? दोरा दे.”

“कोणता?”

“करडा. हा नाही गं, हा निळा झाला. चष्मा बदल तू आता.”

“माझा चष्मा चांगला आहे. इथे उजेड कमी आहे.”

“बरं, उजेड कमी आहे. बस जरा. दमलीस.”

“मी कशाला दमतेय? आणि त्यांना त्यांचं काम करू द्या की.”

“झालंच. कात्री आण. राहू दे, दातांनी तोडतो.”

“दातांत टाचण्या आहेत तुमच्या!”

इथे कानसेन मोठ्याने हसला आहे. एवढ्या वर्षांत त्याचं हसू एखाद्या फाईलमध्ये सापडण्याची ही पहिलीच वेळ. मग तो म्हणाला, “काका, उद्यापासून टाचण्या घरी ठेवून या. या कागदावरची वाक्यं नीट, सावकाश वाचायची.” आणि ती फाईल त्याने ‘टाकाऊ’मध्ये टाकली. त्या दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली.

यापुढचं मला काही आठवत नाही. जे मी जपून ठेवतो तेवढीच माझी आठवण, आणि त्या फाईलनंतर डिस्कवर जागाच उरली नव्हती. मी ठणाणा केला असणार, कारण मला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण स्पीकर नव्हता, पडदा नव्हता. काका पुढे तीनदा आले, कागदावरची सगळी वाक्यं स्वच्छ वाचून गेले. मग त्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर एका सकाळी रखवालदारकाकांनी मेन स्विच चालू केला आणि सर्व्हर काही उठला नाही. त्याची डिस्क कायमची गेली होती, आणि तिच्याबरोबर मीही. हे सगळं मला मागाहून इतरांच्या बोलण्यातून कळलं.

माझी पुढची आठवण एकदम ताईंच्या आवाजाची आहे. नवा सर्व्हर आला होता. त्यांना निरोप धाडून बोलावलं होतं, आणि त्यांनी मला नव्याने बसवून जिन्याखालच्या डिस्कला जोडलं होतं. मी जे होतं ते सगळं परत दिलं. खोलीतला माइक नेहमीप्रमाणे चालूच होता.

“डिस्क भरलेली कळलं कसं नाही तुला?” ताई विचारत होत्या. “हा ओरडतो ना.”

कानसेनने खरं ते सांगितलं.

“मीच स्पीकर काढला त्याचा. रेकॉर्डिंगमध्ये यायचा.”

“अरे, मग त्या जागी एखादा दिवा तरी लावायचास.”

“सुचलं नाही, ताई.”

ताई रागावल्या नाहीत. कोणाकोणाचं गेलं ते बघ, म्हणाल्या. बाकीच्यांना पुन्हा बोलावता येणार होतं, त्यांचे आवाज अजून त्यांच्या गळ्यात होते. पुन्हा न येणारा एकच होता.

“काकांचं ऑपरेशन झालंय,” कानसेन म्हणाला. “तीन दिवस बसून त्यांनी सगळं वाचलं होतं. उद्या दोघं डबा न्यायला येणार आहेत. काय सांगू मी त्यांना?”

“झालं ते सांग. पण आधी तुझा तो कचरा बघ.”

“त्यात काय आहे? टाचण्या तोंडात धरून बोललेत ते.”

“बघ तर खरं.”

त्याने माझ्याकडे ती फाईल मागितली. किती दिवसांनी कोणी माझ्याकडे काही मागत होतं! मी दिली. तो ती ऐकत बसला, पुन्हा ऐकत बसला, आणि मग त्यातलं एकेक वाक्य कापून डब्यात घालायला लागला. त्या दिवशी तो जेवायला उठला नाही, आणि नक्कल करताना आम्ही दोघं एकमेकांच्या पायात येत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काका-काकू आले. कानसेनने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. स्पीकर कोणी काढला तेही सांगितलं.

“तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं ना आम्ही?” काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. “मला ते खडूने टेबलावर लिहून दाखवतात. मी चष्मा शोधेपर्यंत बाहीने पुसलं जातं. या डब्याच्या आशेवर बसलो होतो आम्ही.”

काकूंचं खरं होतं. ठेवायला दिलं होतं आणि ते ठेवलं गेलं नव्हतं.

मग खडू घासल्याचा आवाज आला. काकांनी काहीतरी लिहिलं असावं. काकूंनी ते थांबत थांबत वाचलं. “‘कापड कमी पडलंय एवढंच. बसवू त्यात.’ बसवा तुम्ही. तुम्हाला सगळंच बसवता येतं.” आणि खुर्ची सरकली. “मी पाणी भरून आणते,” असं म्हणून त्या बाहेर गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. व्हरांड्यातला नळ सुरू झाला.

कानसेन हळू आवाजात काकांना बटणं दाखवत होता. हे असं दाबायचं, इथे पुढचं वाक्य. काकांनी एक बटण दाबलं.

“अगं, ऐकतेस का?”

टाचण्यांसकट, दातांतून आलेलं.

“आले हो!” व्हरांड्यातून लगेच उत्तर आलं. “जरा दम धरा, बाटली भरतेय ना!”

आणि मग काहीच नाही. फक्त नळ वाहत होता. बाटली केव्हाच भरून पाणी खाली पडायला लागलं होतं, ते नीट ऐकू येतं. घड्याळाची टिकटिक नको म्हणून ज्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं होतं, तो कानसेन नळ बंद करायला उठला नाही. पुष्कळ वेळाने चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. काकांनी दुसरं बटण दाबलं.

“बस जरा. दमलीस.”

काकू बसल्या. खुर्चीचा आवाज आहे त्याचा. नंतर म्हणाल्या, “कागदावरचं वाचत होता तेव्हा मला कोणी पाहुणेच बोलतायत असं वाटलं होतं. हे तुम्ही आहात.” आणि मग त्या रडल्या. कानसेननेही नाक ओढलेलं ऐकू येतं.

मित्रांनो, म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. काकांची कितीतरी वाक्यं कायमची गेली. ‘मला दुखतंय’ हे त्यांच्या आवाजात कुठेच नाही, आणि ते त्यांना लागणार आहे. त्यासाठी खडूच घ्यावा लागेल. कचरा उरला म्हणून हरवलेलं परत येत नाही.

आता मला स्पीकर परत मिळाला आहे, आणि अडगळीबाहेर एक लाल दिवाही. डिस्क एकाच्या दोन झाल्या. ताईंनी जाण्यापूर्वी, रेकॉर्डिंग चालू असताना मुद्दाम जिन्याखालची वायर उपटली. मी जीव तोडून ओरडलो. कानसेनने रेकॉर्डिंग थांबवलं, समोरच्या माणसाची माफी मागितली आणि जिन्याकडे गेला. मला तेवढंच हवं होतं.

तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणीतरी असेल. संगणकात असेल, नाहीतर माणूस असेल, रोजचं मुकाट्याने जपून ठेवणारा. त्याची किरकिर ऐकून त्याचं तोंड बंद करू नका, आधी जिन्याखाली वाकून बघा. आणि ठेवायला दिलेलं अधूनमधून परत मागा. उघडून बघा. मागितलं नाही, तर आहे की नाही हे आम्हालाही कळत नाही.

माझ्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या आहेत. आता कानसेन घेतो. कोणतीही फाईल मागता येते, पण दर महिन्याला तो त्या दिवशीचीच मागतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. मी देतो, वाहत्या नळासकट.